लोहाराबद्दल माझं मत

केनवड, १२ जानेवारी १९३८

ती. दादास कस्तुराचा नमस्कार.

“त्या लोहाराले त कस्तुरीनं माफ केलं व्हतं. मंग?”

एवढाच तुझा निरोप रामकिसनकाकांनी अकोल्याच्या तुरुंगातून आणला. आणखी काही म्हणाला का, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, “जाळीच्या आडून अजून काय पोथी सांगन का थो?” दादा, तुझ्या या ‘मंग?’चं उत्तर मला येत नाही. तू काही विचारावंस आणि मला उत्तर सुचू नये, असं आजवर झालं नव्हतं. या वेळी झालं आहे, ते आधीच कबूल करते.

तुरुंगात जाणारी पत्रं तिथले अधिकारी फोडून वाचतात, म्हणून घरच्या गोष्टी लिहायच्या नाहीत, पुस्तकांचंच लिहायचं, असं काकांनी मला बजावलं आहे. ते आपल्याला कोणी शिकवायला नको. नागपूरच्या वसतिगृहातून मी तुला दुसरं काय लिहीत होते? वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर माझं लांबलचक मत, आणि त्यावर तुझं दोन ओळींचं उत्तर. राज्य सोडून वनात गेलेल्या राजाच्या चरित्रावर मी आठ पानं लिहिली होती. तू उत्तर पाठवलंस, ‘राज्य सोडलं त सोडलं. बैल कोनाच्या हवाली केले थे लिहिलंच नाई. असा राजा काय कामाचा?’ ते पत्र मी मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं. सगळ्या हसल्या, पण बैलांचा विचार आमच्यापैकी कोणाच्या मनात आला नव्हता.

लोहाराचं पुस्तक त्याच वर्षातलं. आपल्या दोघांना पाठ असलेली गोष्ट पुन्हा सांगते, म्हणजे वाचणाऱ्या साहेबांनाही कळेल. लोहार भला माणूस, पण रागीट. एके दिवशी भट्टीपाशी बायको उलट बोलते, रागाच्या भरात तो हातातला घण मारतो, ती मरते. तो शिक्षा भोगून परत येतो आणि गावाच्या वाटेवर पाणपोई घालतो. त्याच्या हातचं पाणी कोणी पीत नाही. शेवटी मेलेल्या बायकोची म्हातारी आई उन्हातून येते, थांबते आणि ओंजळ पुढे करते. मी रडले होते. मी तुला लिहिलं, ‘तो खुनी नव्हे, रागाचा बळी आहे, समाजानं त्याच्याकडे करुणेनं पाहिलं पाहिजे.’ विसाव्या वर्षी ‘समाज’ हा शब्द फार आवडतो. तुझं उत्तर आलं, ‘तुहं मत पटलं. म्हातारीनं पानी पेलं थे बेस झालं.’

मागच्या चातुर्मासात मी बी.ए. होऊन घरी आले, तेव्हा तूच घरात नवा कायदा केलास. आजोबांच्या काळापासून आपल्याकडे पोथीचा अध्याय संपला की कर्त्या माणसानं अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी हात जोडायचे. तू म्हणालास, “पोथीचं राहू द्या तसं. पन कस्तुरीच्या बुकाले सगळ्यायनं मत सांगाव. सालदारानं भी.” हेमला हा आपला सालदार गडी तर घाबरून बाहेरच निघाला होता. बाबा म्हणाले, “मत त विलेक्शनात देतेत बाप्पा.” आणि मनकर्णावहिनी! सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, म्हणून ती दाराच्या चौकटीआड सूप घेऊन बसायची आणि मत त्या सुपाला सांगायची. “ऐकलं का वो सूपबाई, हा राजा त पक्का आयशी हाय, काम नोको त्याले.” बाबा वर आढ्याकडे पाहत हसायचे. तू माझ्याकडे पाहून म्हणायचास, “तुही वहिनी वकील व्हाले पायजे व्हती.”

वहिनी गेली त्याला दोन महिने झाले. गाडीचे बैल उधळले आणि ती गाडीवरून पडली, असं घरात सगळे सांगतात, आणि गावही तेच सांगतं. पाखऱ्या आणि मोऱ्या बरे आहेत. तू त्यांच्या अंगाला कधी तुतारीच्या काठीची टोचणारी आर लावली नाहीस, म्हणून ते दुसऱ्याच्या हाकेला ऐकत नाहीत. ते उधळले असं सांगताना हेमला त्यांच्याकडे पाहत नाही.

फौजदार आले होते तेव्हा माझ्या वतीनं काकांनीच उत्तर दिलं, पोरगी आत वाचत बसली होती म्हणून. पण अनसिंगहून वहिनीच्या वडिलांनी, नानाजींनी, अर्ज केला आहे की त्या घरात एक शिकलेली मुलगी आहे, तिची जबानी तिच्याच तोंडून घ्यावी. वाशीमच्या मॅजिस्ट्रेटांकडून मला बोलावणं येईल म्हणतात. ही घरची गोष्ट झाली. पण साहेबांना ती माहीत असेलच.

तुझी
कस्तुरा

(नावापुढं ‘बी. ए.’ लिहिलं नाही म्हणून रागावू नकोस. “फी भरली हाय, लिहित जाय” हे तुझं म्हणणं विसरले नाही. भावाच्या पत्राखाली लिहायला लाज वाटते, इतकंच.)


केनवड, २ फेब्रुवारी १९३८

ती. दादास नमस्कार.

अक्षर पाहून हसशील. उजव्या हाताला नखुर्डं झालं आहे, म्हणून डाव्या हातानं लिहिते आहे. माय मला घास भरवते. या वयात घास भरवून घेताना फार चमत्कारिक वाटतं. ती भरवते आणि माझ्या हाताकडे पाहत नाही.

कारंज्याच्या सूरजबाईनं, माझी वसतिगृहातली मैत्रीण ती, एक प्रवासाचं पुस्तक पाठवलं होतं. एक विधवा बाई एकटी हिमालयात जाते. मागच्या आठवड्यात एकदा दिवेलागणीला बाबा ओट्यावरून म्हणाले, “वाच वो कस्तुरे काही.” तू गेल्यापासून घरात वाचन झालं नव्हतं. मी वाचायला बसले. तुझी जागा रिकामी होती. चौकटीआड सूप भिंतीला टेकवून ठेवलं होतं, ते मायनं उचलून दुसरीकडे नेलं. मी वाचत गेले. बर्फ, दऱ्या, झोळीतले चणे. वाचून संपलं. मग हेमला म्हणाला, “बाईच्या पायाले काटा भरला असन त कोनी काढला, थे लिहिलं नाई.” आणि तू बोललास असं वाटून मायनं तुझ्या जागेकडे पाहिलं.

बाबा म्हणाले, “ही बाई हिमालयात गेली. आन् आपली पोट्टी वाशीमले पाठवाव का नाई, याच्यासाठी या आंगनात डोसके फुटले.”

डोकी फुटली नव्हती. काकांचे पुढचे दात पडले होते. तुला आठवतं का? मी चौथी पास झाले होते. काका म्हणाले, कुणब्याच्या पोरीनं वाशीमला राहून शिकायचं म्हणजे घराण्याच्या तोंडाला काळं. तू उठलास. गोठ्यात गेलास, काठी घेऊन आलास आणि काकांच्या तोंडावर मारलीस. काका मातीत गुडघ्यावर बसून तोंडातलं रक्त ओंजळीत धरत होते. तू त्यांच्यावर काठी उगारून विचारलंस, “आता सांग. जाईन का नाई पोट्टी?” आणि काका “जाईन, जाईन” म्हणेपर्यंत उभा राहिलास. मी पाटी घेऊन दारात उभी होते. मला भीती वाटली नाही. माझा दादा माझ्यासाठी जगाशी लढतो आहे, असं मला वाटलं. पुढे कॉलेजात ‘स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते’ या विषयावर निबंध लिहिताना माझ्या मनात तूच होतास. माझी शाळा, माझं कॉलेज, माझी पदवी, सगळं त्या काठीच्या धाकावर उभं राहिलं. तेव्हा ते मला तसं दिसलं नाही.

काका आता ते दात नसलेलं तोंड दाखवून गावात सांगतात, “यानंच माये दात पाडले, आन् यालेच सोडवाले मी अकोल्याच्या चकरा मारून राह्यलो. देवाघरचा न्याव हा असा हाय.” चकरा मात्र खरोखरच मारतात. तुझ्यासाठी ते जे करत आहेत ते खोटं नाही.

चार दिवसांपूर्वी मला म्हणाले, “कस्तुरे, यवढी शिकली. अजून दोनच शब्द शीक. ‘नाई पाह्यलं.’”

मी म्हणाले, “काका, हे दोन शब्द तुमचे फौजदाराला सांगून झालेत.”

“आता तुया तोंडून पायजेत.”

“माझ्या तोंडून विचारलं तर जे पाहिलं ते येईल.”

“मंग तोंडच नाई राह्यलं त?”

पुस्तकांना वाळवी लागली होती म्हणून काकांनी ती अंगणात जाळली. हिमालयाचं पुस्तकही त्यातच गेलं. ते नवीन होतं, त्याला वाळवी नव्हती. सूरजबाईला काय लिहावं कळत नाही. राख मायनं शेणाबरोबर कालवून सडा घातला. सकाळी त्या सड्यावरून हेमला बैल घेऊन गेला.

माझं मत विचारशील तर, ते प्रवासाचं पुस्तक चांगलं होतं. मात्र त्या बाईनं घरचं काही लिहिलं नाही. ती का निघाली, हे शेवटपर्यंत कळत नाही. आधी मला ते वैगुण्य वाटलं होतं. आता वाटत नाही.

तुझी
कस्तुरा


केनवड, १४ फेब्रुवारी १९३८

दादा,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. जवळ ठेवीन. पुढच्या पत्रासोबत पाठवायचं की चुलीत घालायचं, ते मागाहून ठरेल. म्हणून यात साहेबांसाठी काही लिहायला नको आणि त्यांच्यापासून काही लपवायलाही नको.

परवा समन्स घेऊन शिपाई आला होता. काकांनी सांगितलं, कस्तुरा नागपूरला गेली, ठिकाण माहीत नाही. मी तेव्हा धान्याच्या कोठीत होते, आजही इथेच आहे. बाहेरून कडी होती आणि काकांचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. मी ओरडले असते. पण माय आत माझ्याजवळ बसली होती आणि तिनं पदराचा बोळा माझ्या तोंडात धरला होता. माय हातानं मला दाबत होती आणि तोंडानं म्हणत होती, “माय माझी, सोन्या माझी, चूप राह्य.”

हाताला नखुर्डं झालेलं नाही. काकांना मी ‘पाहिलं ते येईल’ म्हणाले, त्या संध्याकाळी मायनं मला पाट्यापाशी बोलावलं. चटणी वाटत होती. म्हणाली, “हात दे.” मला वाटलं, वाटायला सांगते आहे. तिनं माझा उजवा हात पाट्यावर ठेवला आणि वरवंटा उचलून बोटांवर घातला. एकदा नाही. हाडं मोडल्याचा आवाज चणे फोडल्यासारखा येतो. “लिहिशीन?” म्हणाली, “सही करशीन? माया लेकराले फासावर देशीन?” मग वरवंटा तसाच टाकून माझं डोकं छातीशी धरून रडायला लागली. मिरच्या हातात भिनल्या होत्या. तिनंच हळद लावली, तिनंच चिंध्या बांधल्या. तेव्हापासून घास भरवते.

मला मायचा राग यावा, असं मी स्वतःला सांगत असते. येत नाही. मला भीती मात्र वाटते. या घरात कोणी हात उगारला की त्यामागे माया आहे की नाही हे मारून झाल्यावरच कळतं, आणि बहुतेक वेळा असते.

काका वकिलांना भेटून आले. वकील म्हणतात की पंचनाम्यातल्या जखमा गाडीवरून पडल्याच्या नाहीत, डॉक्टर तसं सांगेल. तेव्हा ‘बैल उधळले’ टिकणार नाही. पण घरच्या माणसानं ‘रागाच्या भरात हात उठला’ एवढं सांगितलं तर फाशी टळते, काही वर्षांची सजा होते. काका आता म्हणतात, “बरं, ‘नाई पाह्यलं’ नोको म्हनू. पाह्यलं म्हन. फक्त राग व्हता म्हन. तुयाच बुकातलं त हाय.” माय म्हणते, “यवढंच म्हन. मी तुये पाय धुवून पानी पेईन.”

‘रागाच्या भरात.’ हे शब्द माझेच आहेत. लोहाराबद्दल मीच तुला लिहिले होते. म्हणून आता जे झालं ते एकदा सरळ लिहून पाहते. मला स्वतःला ते वाचायचं आहे.

दिवाळी होऊन गेली होती. सूरजबाईकडून मी तेच लोहाराचं पुस्तक मागवलं, कारण तू म्हणालास, “पत्रात वाचलं, आता कानानं ऐकू दे.” घरात कापसाचा ढीग लागला होता, त्याला टेकून तू बसलास. मी वाचलं. म्हातारीनं ओंजळ पुढे केली तिथे तुझे डोळे भरले. मग मतं. हेमला म्हणाला, “लोहारानं घन ठेवून द्याले पायजे व्हता, मंग भांडाव.” माय म्हणाली, “बाईनं उलट बोलावच कायले?” बाबा म्हणाले, “राग वाईट.” तू म्हणालास, “त्याले पस्तावा झाला. झालं मंग. अजून काय करन माणूस?” मी माझं करुणेचं मत पुन्हा सांगितलं.

वहिनी सुपाला म्हणाली, “सूपबाई, मेली थे मेली. माफ करता का म्हनून तिले कोनी इचारलं नाई. तिच्या मायले इचारलं, गावाले इचारलं.”

सगळे हसले. तूही हसलास. मग म्हणालास, “बरं, तुलेच इचारतो. मी मारलं तुले, त तू नाई माफ करनार?”

वहिनीनं सूप खाली ठेवलं. चौकटीतून पुढे आली, पदर मागे गेला तरी तिनं सावरला नाही आणि बाबांच्या समोर, तुझ्याकडे बघून म्हणाली, “नाई.”

तू तिला मारत होतास हे मला कॉलेजात असताना माहीत नव्हतं. घरी आल्यावर तिच्या पाठीवरचे वळ मी पाहिले होते. तिनं तेव्हा मला सांगितलं होतं, “मारते आन् मंग रडते वो तुहा दादा. मले दोनी गोष्टीचा कंटाळा आला.” ते ‘नाई’ त्या संध्याकाळचं नव्हतं, हे मला कळत होतं. तुलाही कळलं असेल.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर तू तिला पुन्हा विचारलंस. ती ‘नाई’ म्हणाली. तू तिला शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, पाडून लाथा मारल्यास. वेचणीच्या बायांनी मला सांगितलं. त्या संध्याकाळी मी तुला म्हणाले, “दादा, मत आहे तिचं. तूच कायदा केलास.” तू म्हणालास, “मले मत नाई पायजे. मले ‘हो’ पायजे. माया बायकोनं मले माफ करू नये, मंग मी कोन?”

आणि मग ती सकाळ. गाडी अंगणात उभी होती, जू मातीत टेकलेलं. पाखऱ्या आणि मोऱ्या गोठ्यात कडबा खात होते. वहिनी वेचणीला निघाली होती, कमरेला कापूस घालायची ओटी बांधत होती. मी दारात केस विंचरत होते. तू विचारलंस, “सांग. करशीन का नाई माफ?” ती म्हणाली, “नाई.” तू गाडीच्या कडेला खोवलेली उभारी, तो जाड दांडा, उपसलीस. घट्ट बसली होती, दोन्ही हातांनी हलवून काढावी लागली. ती खांद्यावर टेकवलीस आणि म्हणालास, “आता सांग.”

आणि थांबलास.

किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी हाक मारू शकले असते, इतका होता. तेवढ्या वेळात वहिनीनं ओटीची गाठ सोडून पुन्हा बांधली. तू तिच्याकडे पाहत होतास. तुझा श्वास चढलेला नव्हता. मला वाटलं, तू उभारी खाली ठेवशील, कारण काकांच्या वेळी तू त्यांचं ‘जाईन’ येईपर्यंत थांबला होतास आणि मग काठी टाकली होतीस. वहिनी म्हणाली, “मले वेचनीले उशीर होऊन राह्यला.” आणि वळली.

पहिला मार खांद्यावर बसला. ती पडली नाही, चाकाला धरून उभी राहिली. दुसरा डोक्यात. डोकं चाकाच्या आऱ्यावर आदळलं. ती खाली गेल्यावर आणखी एक. ओटी लाल झाली. पाय हलत होते. हेमला गोठ्याच्या दारात कडब्याची पेंढी छातीशी धरून उभा होता. तू उभारी कडब्यानं पुसलीस आणि गाडीत तिच्या जागी बसवलीस. मग माझ्याजवळ येऊन लहान मुलासारखं म्हणालास, “‘हो’ म्हनाले तिले काय लागत व्हतं वो?”

हे झालं. वाचून पाहिलं. यात मला राग शोधायचा होता. मी फार शोधला, दादा.

कस्तुरा


वाशीम, २३ फेब्रुवारी १९३८

ती. दादास नमस्कार.

सोबत आधीचं पत्र आहे; दोन्ही डाकेनं नाही, भेटीला जाणाऱ्या माणसाच्या हाती पाठवते आहे, म्हणजे साहेब फोडणार नाहीत. ते आधी वाच, मग हे.

मला कोठीतून बाबांनी सोडलं. पहाट झाली होती, माय गोठ्यात होती, काका रिसोडला गेले होते. बाबांनी कडी काढली आणि उंबऱ्यावरच बसले. मला म्हणाले, “कस्तुरे, त्या लोहाराच्या बुकात त्याचा बाप व्हता का वो?”

मी म्हणाले, “नाही बाबा. बापाचं काही लिहिलेलं नव्हतं.”

“नसनच,” बाबा म्हणाले. “त्याच्यापाशी काय असन लिहासारखं?” आणि उठून विहिरीकडे गेले. दार उघडंच राहिलं. जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत.

मी रिसोडपर्यंत पायी आले आणि तिथून मोटारीनं वाशीमला. हाताच्या चिंध्या पाहून शेजारची बाई म्हणाली, “काय झालं वो बाई, जात्यात गेला का?” मी हो म्हणाले.

कचेरीबाहेर नानाजी बसले होते. माझ्या येण्यामुळे त्यांच्या अर्जाला जोर आला, म्हणून ते काही गोड बोलतील अशी माझी मूर्ख कल्पना होती. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “पोरी, माई मनकर्णा मेली त्याच दिवशी तुले वाचा काहून नाई फुटली?” तुझ्या ‘मंग?’सारखाच हा प्रश्न. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी तो घेतला नाही.

मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, “तुमचं भावाशी वैर आहे का?”

“नाही. त्यानंच मला शिकवलं.”

“तुमच्या सांगण्याचा परिणाम काय होईल, याची कल्पना आहे?”

“आहे.”

मी सगळं सांगितलं. खळ्यावरचं, धुऱ्यावरचं, अंगणातलं. बैल गोठ्यात होते हेही. काकांच्या दातांचं सांगितलं नाही, मायच्या वरवंट्याचंही नाही. हाताला काय झालं हे त्यांनी विचारलं, मी नखुर्डं म्हणाले. तेवढं एक खोटं माझ्या जबानीत आहे. मायसाठी ते राहू दे.

नंतर कारकुनानं लिहून घेतलेलं वाचून दाखवलं. म्हातारे, चाळिशी लावलेले गृहस्थ, शेकडो जबान्या लिहिलेले. त्यांच्या लेखणीला सवयीचे शब्द होते. ‘यावर आरोपीने रागाचे भरात उभारी उपसून मयतास मारले’, असं त्यांनी वाचलं आणि पुढे गेले.

दादा, मी नुसती गप्प राहिले असते, तरी पुरलं असतं. खोटं बोलावं लागलं नसतं. ते शब्द माझ्या तोंडचे नव्हते, कारकुनाचे होते, आणि त्याआधी कधीतरी माझेच होते. तू जगला असतास. मायनं पाय धुतले असते. मी केनवडला परत जाऊ शकले असते आणि कधीतरी, काही वर्षांनी, तू उन्हातून आला असतास आणि मी तुला पाणी दिलं असतं. ती म्हातारी मला दिसत होती, ओंजळ पुढे केलेली. आणि चौकटीआडून सूप पाखडल्याचा आवाज येत होता.

मी म्हणाले, “मी तसं सांगितलं नाही.”

कारकून म्हणाले, “बाई, अर्थ तोच होतो.”

“तोच होत नाही. रागाचे भरात हे खोडा.”

त्यांनी मॅजिस्ट्रेटांकडे पाहिलं. मॅजिस्ट्रेटांनी मान हलवली. त्यांनी आडवी रेघ मारली आणि मी सांगितलं तसं वर लिहिलं: ‘आरोपीने उभारी उपसली, मयतास पुन्हा विचारले, उत्तराची वाट पाहिली, आणि मग मारले.’

मी कागद हातात घेऊन ती ओळ वाचली. मग डाव्या हातानं सही केली. कारकून म्हणाले, शिक्षण लिहा. तू नेहमी सांगायचास तसं, नावापुढं बी. ए. लिहिलं.

कस्तुरा